काळा कोट आत, अडकित्ता बाहेर

जिल्हा न्यायालयाच्या दाराशी एक चौकट उभी असते. तिला भिंत नाही, कवाड नाही, नुसती चौकट. पोलीस खात्यात तिला 'डीएफएमडी' (डोअर फ्रेम मेटल डिटेक्टर) म्हणतात, पक्षकार तिला 'मशीन' म्हणतात आणि वकील तिला काहीच म्हणत नाहीत, कारण ते तिच्या शेजारून जातात.

ही चौकट सगळ्यांना सारखीच वाजते. कायद्यापुढे सगळे समान, हे घटनेच्या कलम 14 मधलं तत्त्व त्या अख्ख्या आवारात इतक्या काटेकोरपणे दुसरं कोणी पाळत नसेल. किल्ल्या असल्या की वाजते, पट्ट्याचं बक्कल असलं की वाजते, आणि खिशात काहीच नसलं तरी, आलाच आहात तर, म्हणून एकदा वाजून घेते. शेजारच्या खुर्चीवरचा पोलीस तिच्याकडे मान वर करून पाहत नाही. दिवसभर वाजणाऱ्या गोष्टीकडे माणसाने किती वेळा पाहायचं?

म्हणून हा पोलीस कामचुकार आहे असं मात्र समजू नका. त्याची स्वतःची यंत्रणा आहे आणि तिला वीज लागत नाही. येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तो एकदाच बघतो. चेहरा घाबरलेला दिसला की थांबवतो. 'कुठं? काय काम? पिशवीत काय?' चेहरा निवांत दिसला की सोडून देतो. आता कोर्टात घाबरत कोण येतं? ज्याची मोटारसायकल चोरीला गेली तो, जिला पोटगी मिळाली नाही ती, आणि साक्षीचं समन्स हातात पडल्यापासून ज्याची झोप उडाली आहे तो किराणा दुकानदार. निवांत कोण येतं? ज्याला इथली सवय आहे तो. त्यात वकील आले, कारकून आले, स्टॅम्प व्हेंडर आले आणि डझनभर गुन्हे अंगावर बाळगणारे तालेवार आरोपीही आले. थोडक्यात, आपल्या न्यायालयांची सुरक्षा व्यवस्था भ्यालेल्यांपासून न भ्यालेल्यांचं रक्षण करते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कोर्टाच्या दारात मी हे रक्षण जवळून पाहिलं. नऊवारीतल्या एक आजी वाटणीच्या दाव्यासाठी आल्या होत्या. पोलिसाने हातातलं डिटेक्टरचं दांडकं त्यांच्या कमरेजवळ नेलं आणि ते कोकललं.

'आजी, काय आहे तिथं?'

'बटवा हाय. पान-तंबाखू. दुसरं काय आसनार?'

'उघडा.'

टेबलावर एकेक वस्तू उतरू लागली. चुन्याची डबी, काताचा खडा, दोन लवंगा, दहाच्या चुरगळलेल्या नोटा, एसटीचं तिकीट आणि सगळ्यात शेवटी पितळी अडकित्ता. मोराच्या घडणीचा, वापरून वापरून मोराची चोच झिजलेली, पातं मात्र लखलखीत. पोलिसाने तो उघडून पाहिला, मिटून पाहिला, शेजारच्या महिला पोलिसाला दाखवला. मागे भिंतीवर 'आत नेण्यास सक्त मनाई असलेल्या वस्तू' अशी पाटी होती. तिच्यावर पिस्तूल होतं, चाकू होता, काडेपेटी होती, ज्वालाग्राही पदार्थ होते. अडकित्ता नव्हता. ज्यांनी पाटी रंगवली त्यांच्या घरात बहुतेक कोणी पान खात नसावं.

'हे आत नाही नेता येणार, आजी. धारदार आहे.'

'आरं लेकरा, धार नसंल तर सुपारी कशी कातरायची?'

सुपारी म्हटल्याबरोबर रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. पोलीस हसला नाही. ड्युटीवर होता.

'इथं ठेवून जा. जाताना घेऊन जा.'

'आन् हरवला म्हंजे? माज्या सासूचा हाय त्यो. दावा बी तिच्याच रानाचा चाललाय. रान तर गेल्यातच जमा हाय, आता अडकित्ता बी ठिवून जाऊ व्हय?'

शेवटी दोरीने बांधलेल्या पेनाने रजिस्टरात नोंद झाली: 'अडकित्ता, पितळी, एक नग.' आजींचा अंगठा घेतला. पावती नव्हती. या पंचनाम्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चौकटीच्या बाजूने काळ्या कोटांचा एक घोळका आत गेला. एकाच्या हातात भली थोरली बॅग, दुसऱ्याच्या हातात हेल्मेट. पोलिसाने अडकित्त्यावरची नजर न हलवता उजवा हात कपाळाकडे नेला. सलाम कोणाला केला हे त्यालाही सांगता आलं नसतं. कोटाला केला.

काळा कोट हा आपल्याकडचा सगळ्यात भरवशाचा पास आहे. त्याच्यावर फोटो नाही, शिक्का नाही, मुदत नाही. कुठल्याही जिल्ह्याच्या गावी तयार कोट आणि पांढरा बँड विकत मिळतो आणि दुकानदार सनद दाखवायला सांगत नाही. ही गोष्ट गुन्हेगारांच्या आपल्या आधी ध्यानात आली. 24 सप्टेंबर 2021 रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात जितेंद्र गोगी या गुंडाला भर कोर्टरूममध्ये गोळ्या घालणारे दोघं वकिलाच्या वेषात आले होते. एप्रिल 2023 मध्ये दिल्लीच्याच साकेत न्यायालयात एका महिलेवर गोळीबार झाला. तो करणारा तर खरोखरीचा वकील होता, फक्त त्याच्यावर वकिली करायला बंदी घातलेली होती. सनद निलंबित होते, कोट होत नाही. पुढे जून 2023 मध्ये लखनौच्या कोर्टात संजीव जीवा या गुंडाचा खून झाला आणि मारेकरी पुन्हा वकिलाच्याच वेषात निघाला. एकाच युक्तीला तिसऱ्यांदा फसणाऱ्या माणसाला आपण भोळा म्हणतो. यंत्रणेला काय म्हणायचं ते, न्यायालयाच्या अवमानाचा कायदा अस्तित्वात असल्यामुळे, मी इथे लिहीत नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, गाझियाबादच्या जिल्हा न्यायालयात बिबट्या शिरला होता. धावपळ झाली, काही माणसं जखमी झाली आणि काही तासांनी त्याला पकडलं. त्या बिचाऱ्याचं चुकलं एवढंच की त्याच्या अंगावर ठिपके होते. काळा बिबट्या असता तर सलाम घेत बाररूमपर्यंत गेला असता, आणि एखाद्या पक्षकाराने त्याला वकीलपत्रही दिलं असतं.

वकिलांची बाजू ऐकून न घेता निकाल देणं बरं नव्हे. ते म्हणतात, आम्ही दिवसातून दहा वेळा या इमारतीतून त्या इमारतीत जातो. हातात फायली, खांद्यावर बॅग, आणि वरच्या मजल्यावर पुकारा चाललेला. प्रत्येक दाराशी झडती दिली तर दावा गैरहजेरीत निकाली निघेल आणि पक्षकार आमची झडती घेईल. शिवाय वकील हा न्यायालयाचा अधिकारी, त्याला चोरासारखं तपासायचं? युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त हेच वकीलसाहेब विमानतळावर मुकाट्याने बेल्ट काढतात, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवतात, 'हात वर' म्हटलं की करतात आणि 'कोणत्या कलमाखाली?' असं विचारत नाहीत. विमान चुकलं तर दुसरं तिकीट स्वतःच्या पैशाने काढावं लागतं. कोर्टात काम चुकलं तर पुढची तारीख मिळते, आणि तिचे पैसे पक्षकार देतो.

आजींचा अडकित्ता दाराशी अडवला हे ठीकच झालं म्हणा, पण आत काय काय ठेवलंय तेही पाहायला हवं. कोर्टात मुद्देमालाची खोली असते. तिथे कोयते असतात, तलवारी असतात, कुऱ्हाडी असतात, गावठी कट्टे असतात. प्रत्येकाला लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल आणि खटल्याचा नंबर. गावातल्या कुठल्याही टोळीकडे नसेल एवढं भांडार एका कुलपामागे आणि एका कारकुनाच्या जबाबदारीवर असतं. कारकून प्रामाणिक असतो. कुलपाबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. जुलै 2022 मध्ये पाटण्याच्या दिवाणी न्यायालयात पोलिसांनीच पुरावा म्हणून आणलेला बॉम्ब फुटला आणि एक पोलीस अधिकारी जखमी झाला. फिर्यादी पक्षाचा पुरावा एवढा सबळ क्वचितच असतो.

बरं, हत्यार लोखंडाचंच असतं असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये कल्याणच्या सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यातल्या आरोपीने न्यायाधीशांच्या दिशेने चप्पल फेकली. हा माणूस पोलिसांच्या पहाऱ्यात, पोलिसांच्या गाडीतून आलेला. त्याच्याइतकी कडक तपासणी त्या दिवशी त्या इमारतीत दुसऱ्या कोणाची झाली नसेल. आणि 6 ऑक्टोबर 2025 रोजी थेट सर्वोच्च न्यायालयात, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश म्हणून समोर बसलेले असताना, सत्तरी ओलांडलेल्या एका वकिलाने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. गवईसाहेबांनी चित्त ढळू न देता पुढचं काम चालू ठेवलं. तक्रारही केली नाही. पोलिसांनी त्या वकिलाला काही तास चौकशी करून सोडलं आणि त्याचे बूट त्याला परत दिले, अशी बातमी होती. ती वाचून मला आधी आजींच्या अडकित्त्याची काळजी वाटली.

चप्पल-बुटांवर उपाय नाही असं नाही. देवळात आपण तो कित्येक पिढ्या करत आलो आहोत: पादत्राणे बाहेर काढावीत. पण कोर्टाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांपैकी किती जागेवर सापडतील? वर्षभरात निम्मे खटले चपलांच्या मालकी हक्काचे असतील आणि मुद्देमालाच्या खोलीत कोयत्यांना जागा उरणार नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवर न्यायालयांच्या सुरक्षेबद्दल सविस्तर निर्देश दिले. उच्च न्यायालयांनी गृह खात्याच्या सचिवांशी आणि पोलीस महासंचालकांशी विचारविनिमय करून सुरक्षेचा आराखडा करावा, कायमस्वरूपी न्यायालय सुरक्षा पथकं असावीत, दाराशी झडती, मेटल डिटेक्टर, बॅग स्कॅनर आणि पास असावेत, सीसीटीव्ही बसवावेत, रुग्णवाहिका आणि आग विझवायची सोय असावी. हे सगळं कोणीही सांगेल. पण त्यात एक बारीकसा निर्देश होता आणि तो वाचून मी मनातल्या मनात सर्वोच्च न्यायालयाला मुजरा केला: न्यायालयाच्या आवारातून होणारी येण्याजाण्याची रहदारी आवरा, गरज पडली तर बंदच करा. आवारातल्या दुकानांचाही फेरविचार करा.

दिल्लीत बसून आमच्या तालुक्याची इतकी अचूक नाडी कोणी पकडली असेल? आमच्याकडे कोर्टाचं आवार म्हणजे एसटी स्टँडवरून भाजी मंडईकडे जायची वाट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं पूर्वजांनी सांगून ठेवलं, पण पायरीच्या बाजूने सायकल घेऊन जाऊ नये असं काही ते म्हणाले नाहीत. सकाळी शाळेची पोरं त्या वाटेने जातात, दुपारी शेळ्या जातात, संध्याकाळी बँकेतून सुटलेली मंडळी जातात. पोलिसाने एकदा नव्या जोमाने फाटक बंद करून पाहिलं, तर पहिला खोळंबा न्यायाधीशांच्या डब्याचा झाला, असं तिथला शिपाई शपथेवर सांगतो. मी उलटतपासणी घेतली नाही.

दुकानांचं तर विचारूच नका. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाला असतो, टंकलेखक असतो, नोटरी असतो, स्टॅम्प व्हेंडर असतो, वडापावची गाडी असते, पासपोर्ट साइज फोटोवाला असतो. हे सगळे सुरक्षेला धोका आहेत, हे कागदोपत्री खरं. पण हे सगळे उद्या उठवले तर न्यायदान दुपारच्या सुट्टीपर्यंतही तग धरणार नाही. त्यातून चहावाला. 'तीन नंबरचे साहेब आज रजेवर आहेत' हे बेंच क्लार्कच्या आधी त्याला कळतं, कारण आतला कप परत आलेला असतो. कोणाचा जामीन आज होणार, कोणत्या वकिलाची तयारी नाही, कोणत्या गावचे दोन गट आज समोरासमोर येणार आहेत, हे तो ग्लास विसळता विसळता सांगतो. अनोळखी चेहरा तिसऱ्यांदा फेरी मारून गेला, तर तो टिपणारा आवारात हा एकटाच. माझं नम्र मत असं की न्यायालय सुरक्षा पथक जरूर नेमा, पण रोज सकाळी त्या पथकाने हजेरी चहाच्या टपरीवर लावावी.

आता कैद्यांच्या गाडीकडे वळू. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सरसकट बेड्या घालायला मनाई केली. तेव्हापासून पोलीस आणि आरोपी हातात हात घालून कोर्टात येतात. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने गंभीर गुन्ह्यांत बेड्यांना वाट करून दिली आहे, तरी हातात हात हे दृश्य काही गेलेलं नाही. पोलीस वयाने मोठा आणि आरोपी कोवळा असला तर शाळेत नाव घालायला चाललेत असं वाटतं. गाडी आली की नातेवाइकांचा गराडा पडतो. आई डबा उघडते, भाऊ बिडी पेटवून देतो, लहान लेकरू मांडीवर येऊन बसतं. पोलीस 'चला, चला, बास झालं' म्हणतो आणि स्वतः जरा लांब जाऊन उभा राहतो. नियमाने हे सगळं चूक आहे. पण महिनोन् महिने कच्च्या कैदेत पडलेल्या माणसाला पोरगं बघायला मिळतं ते याच व्हरांड्यात, हे त्या पोलिसाला नियम लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

गाडीतून 'भाई' उतरला की मात्र चित्र पालटतं. पांढऱ्या शर्टातली पन्नास पोरं, सगळ्यांचे मोबाइल वर, मागे गाणं लावून रील तयार. झडती? पोलीस त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो. चेहरे निवांत असतात.

यावर उपाय म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर पडद्यावरच्या हजेरीला ऐसपैस जागा करून दिली. आरोपी तुरुंगात, न्यायाधीश कोर्टात, मध्ये फक्त वायर. ना पळून जायची भीती, ना गोळीबाराची. पण नेटवर्क अर्ध्यात जातं आणि आरोपी पडद्यावर एक डोळा मिटलेल्या अवस्थेत थिजतो. 'आरोपी हजर आहे का?' असं साहेब विचारतात. तोंड दिसतंय, माणूस हलत नाही. अशा हजेरीला काय म्हणायचं, यावर एखादा खटला पुढेमागे सर्वोच्च न्यायालयात जाईलच.

कॅमेऱ्यांचीही तीच कथा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1878 साली पूर्ण झालेल्या इमारतीत दगडात कोरलेलं एक माकड आहे. एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. कंत्राटावरून बिनसलेल्या कोणीतरी रागाने ते कोरलं अशी आख्यायिका सांगतात. मला मात्र ते आपलं पहिलं सीसीटीव्ही वाटतं. एक डोळा कायमचा बंद, दुसरा उघडा, आणि पाहिलेलं कोणाला सांगायची सोय नाही. डिसेंबर 2024 मध्ये मुलुंडच्या कोर्टात फायलींच्या गठ्ठ्यातून साप निघाला. धावाधाव झाली, काम थांबलं, सर्पमित्र आले, खोली धुंडाळली. साप काही सापडला नाही, आणि तासाभराने सुनावणी पुन्हा सुरू झाली. तो साप कोणत्या दाराने आत आला, पास घेतला होता का, याची कुठेच नोंद नाही. माझा कयास असा की तो कुठल्यातरी जुन्या दाव्यात पक्षकार म्हणून आला असेल आणि निकालाची वाट पाहत फायलीतच राहिला असेल.

आपल्याला कडक सुरक्षा जमतच नाही असं कोणी म्हणू नये. कसाबवरच्या खटल्यासाठी आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभं केलं, कोठडीपासून कोर्टापर्यंत भक्कम बोगदा बांधला, पहारा निमलष्करी दलाचा ठेवला. पक्ष्यालाही परवानगी विचारूनच आत जावं लागलं असतं. आणि गंमत पाहा, सुनावणी एप्रिल 2009 मध्ये सुरू झाली आणि 3 मे 2010 रोजी निकालही लागला. म्हणजे मनात आणलं तर भिंतही भक्कम होते आणि निकालही वेळेत लागतो. आजींच्या दाव्यात दोन्हींची पंचाईत आहे.

सगळीकडे असे बोगदे खणता येणार नाहीत, म्हणून आपण रांगा लावतो. रांग लावली की सुरक्षा झाली, असं आपल्याला मनापासून वाटतं. 7 सप्टेंबर 2011 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाच नंबरच्या फाटकाजवळ बॉम्बस्फोट झाला. दहाहून जास्त माणसं मेली. ती मेली कुठे? आत जायचा पास काढायच्या रांगेपाशी. आतल्यांच्या सुरक्षेसाठी बाहेर माणसं गोळा करून ठेवली होती आणि मारणाऱ्याला नेमकी तीच सापडली. त्या रांगेत न्यायाधीश नव्हते, बडे वकील नव्हते. पक्षकार होते, त्यांचे नातेवाईक होते. पुन्हा तेच, भ्यालेले.

हल्ली तर बॉम्बही लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका ई-मेलने धमकी आली. इमारत रिकामी केली, श्वानपथक आलं, काही मिळालं नाही. आठवड्याभरात पुन्हा एक ई-मेल, पुन्हा तीच पळापळ. वकिलांना एकेक तारीख मागताना आजाराचा दाखला जोडावा लागतो, घरातलं लग्न सांगावं लागतं. इथे एका फुकटच्या ई-मेलने अख्खा बोर्ड डिस्चार्ज. पक्षकार मात्र रात्रीच्या गाडीने आलेला असतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो.

इथवर हसत आलो, पण एक घटना हसून पुढे ढकलता येत नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला कोर्टाच्या खोलीत ठार मारलं. हातात भाजी चिरायच्या सुऱ्या आणि मिरचीपूड होती. न्यायालयात माणूस असा मारला जाणं हे न्यायाचं अपयशच; त्याचं समर्थन कोणी करू नये. दहा वर्षांनी पुराव्याअभावी आरोपी सुटले. पण त्या दिवशी दाराशी दहा मशीन असती तरी मूळ प्रश्न सुटला नसता. त्या वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षं त्या गुंडाच्या दहशतीखाली जगत होत्या आणि त्यांची तक्रार कोणी कानावर घेत नव्हतं. सुरक्षा कोर्टाच्या दारात नव्हे, पोलीस ठाण्याच्या टेबलावर कोसळली होती. मिरचीपूड कुठलंच मशीन पकडत नाही.

म्हणून सुरक्षा सुधारायची तर दाराशी नवीन मशीन बसवण्याआधी दारात उभी असलेली माणसं मोजावीत. महाराष्ट्राच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. त्यांचे पक्षकार, साक्षीदार, जामीनदार, सोबत आलेले मेहुणे, सगळे रोज त्याच चौकटीतून आत जातात. त्यातल्या बहुतेकांचं आत काम काय? पुढची तारीख घेणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे कलम मी एका ज्येष्ठ वकिलांना दाखवलं, तेव्हा ते जुन्या मित्राचं नाव ऐकावं तसे हसले आणि म्हणाले, 'चांगलं कलम आहे.'

जी तारीख मोबाइलवर कळू शकते ती घ्यायला माणसाला शंभर किलोमीटरवरून बोलावायचं आणि मग तो गर्दी करतो म्हणून त्याची झडती घ्यायची, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ज्याचं त्या दिवशी खरंच काम आहे त्यालाच बोलवा, आणि वेळ सांगून बोलवा. हजार माणसांत पोलिसाला कोणीच दिसत नाही. शंभरांत पिस्तूलवालाही दिसेल. दुसरं, झडती सगळ्यांची घ्या, कोटासकट. ज्या न्यायाधीशांनी, सरकारी वकिलांनी आणि बार असोसिएशनच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी त्या चौकटीतून रांगेत जाऊन दाखवलं, त्यांच्या कोर्टात बाकीचे आपोआप जातील. तिसरं, ठेवून घेतलेल्या वस्तूची पावती द्या. त्याला सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश लागत नाहीत, कार्बन पेपर पुरतो.

आणि वाचकहो, तुमची तारीख जवळ आली असेल तर बटवा घरी ठेवा, पट्टा कापडी वापरा, तासभर आधी निघा. पोलिसाने हटकलं तर चिडू नका. त्याने अडवण्यासारखे त्या दारात तुम्हीच तेवढे असता. फक्त पुढच्याची झडती न घेता तुमची घेऊ लागला, तर शांतपणे एवढंच म्हणा: 'साहेब, आधी त्यांची घ्या, मी थांबतो.' हे वाक्य बोलायला सनद लागत नाही.